आहेरातला रंग

शेवगावच्या टेलरकडं सुकन्याबाई ब्लाउजपीस घेऊन बसल्या होत्या खऱ्या, पण कान पुढं बसलेल्या दोन अनोळखी जावांकडं लागले होते.

"जाऊबाई, लेकाच्या हळदीला पोपटी साडी?"

"व्हय. अन् ब्लाउजला मागं गोंडे."

"पन्नाशी आली आपली! लोक काय म्हनतील?"

"लोकांनी आहेरात दिलेलंच वीस वर्सं नेसले की! त्यास्नी नको असलेले मळके रंग. ही मी सोता दुकानात जाऊन निवडली."

"पन शोभंल का?"

"आरशाला इचारून घेतलीय, चांगुणे. तुला न्हाई."

टेलरनं मान वर करून सुकन्याबाईंकडं बघितलं. "बाई, तुमचा नेहमीसारखाच साधा ना?"

सुकन्याबाईंनी आहेरातला राखाडी ब्लाउजपीस परत पिशवीत कोंबला.

"थांबा जरा. आधी दुकानात जाऊन साडी घेऊन येते."