तात्यांच्या मोटारीचा भोंगा

त्या दिवशी पौषाची थंडी होती आणि दुपारपासूनच धुकं उतरलेलं. ऐका, शेकोटीजवळ सरका.

मी तेव्हा दुधाचा टेम्पो चालवायचो. पण जीव जडला होता पल्याडच्या गावातल्या तात्या वैद्यांच्या जुन्या काळ्या मोटारीवर. तात्या वारल्यापासून ती गोठ्यात उभी. आत कोंबड्या अंडी घालायच्या. पत्रा सडलेला, एकच दिवा लागायचा, ब्रेक अर्धामुर्धा. आणि दाराशेजारच्या भोंग्याचा रबरी फुगा पार फाटलेला.

तात्यांच्या माई म्हणाल्या, "ज्ञानू, उद्या भंगारवाला येतोय तोडायला. घ्यायची तर सकाळी सांग."

"माई, बायकोला दाखवल्याशिवाय कसं सांगू?"

"मग ने घरी, दाखव पारूला. पण जपून ने. आमचे हे मागं डावीकडं बसायचे. चालवणारा जोरात निघाला की काठीनं सीट ठोकायचे."

दिवस मावळल्यावर निघालो. मधे खिंड. तिथं म्हसोबाचा शेंदरी धोंडा. आमच्याकडची रीत अशी, की गाडीवाल्यानं तिथं भोंगा वाजवायचा. देवाला कळतं, आपलं माणूस चाललंय. माझा भोंगा फाटका. उतरून हात जोडायला हवे होते. पण उतार होता, ब्रेकचा भरवसा नव्हता. तसाच पुढं गेलो. तिथंच चुकलं.

थोडं गेलो, तर पुढं शेंदरी धोंडा. म्हटलं, दुसरा असेल. आणखी गेलो. पुन्हा तोच धोंडा, तोच वाळका हार. चकवा लागला होता, बाळांनो. मग गाडीचा दिवा विझला. आणि धुक्यात एक कंदील हलायला लागला.

"अहो, इकडून या. रस्ता इकडं आहे."

आवाज पारूचा. अगदी पारूचाच. मी गाडी वळवली.

तेवढ्यात मागची सीट वाजली. ठक, ठक. मी थांबलो नाही. थांबणार कसा, पारू बोलावत होती. आणि तो फाटका भोंगा वाजला. असा वाजला, की खिंड दणाणली. मी भानावर आलो, ब्रेक दाबला. लागेना. मग कर्रकन हँडब्रेक ओढला गेला. माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, बरं का.

कंदील गेला. दिवा आपसूक लागला. बघतो तर पुढचं चाक कड्याच्या काठावर, आणि कंदील हलत होता तिथं नुसती दरी.

मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. "तात्या, हळू घेतो," एवढंच म्हणालो आणि बैलगाडीच्या चालीनं घरी आलो.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या खिंडीत जाऊ नका. लांबचा फेरा पडला तरी पडू द्या.

आणि गाडी? तुमच्या आया नवऱ्या होऊन ह्या घरी आल्या, त्या तिच्यातूनच. पण त्या सकाळी माझं काही ठरत नव्हतं. पारू गाडीभोवती फिरून म्हणाली, "दिसायला बरी आहे. पण हे सडकं धूड घेऊन करायचं काय?" तेवढ्यात शेजारचा कोंडिबा आला. तो गावात नवा, तात्यांना त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं गाडीत डोकावून बघितलं आणि म्हणाला,

"घेऊन टाक, ज्ञानू. पण आधी मागं बसलेल्या त्या म्हाताऱ्यांना चहा दे. काठी धरून कधीचे बसलेत, उतरा म्हटलं तर नुसते हसतात."