झाकणाची फट

दातांच्या दवाखान्यात सुजल्या गालावर रुमाल दाबून बसलेल्या शिंप्याला हसायची मुळीच सोय नव्हती. समोर एक बाप आणि त्याची लेक बसली होती आणि लेकीच्या मांडीवर एक काळा डबा होता.

"बाबा, तुमचा फोन चालू करून आत ठेवलाय. आता उघडू नका."

"प्लास्टिकचा तर डबा! वाजेल की."

"प्लास्टिकमध्ये कार्बन कालवलाय, लहरी आत शिरत नाहीत. पत्र्यासारखंच काम, पण हलकं."

"मागचे डबे तर खणखणीत वाजले!"

"झाकणाच्या फटीतून लहरी शिरायच्या. आता फटीत त्याच मालाची पट्टी बसवलीय. हाही वाजला तर कंपनीतले साहेब हे कामच बंद करणार."

"मग लाव की फोन!"

"माझा घरी राहिला."

तेवढ्यात आई धापा टाकत आली.

"कुठे तडमडला तुमचा फोन? कितवा मजला विचारायला सारखी लावतेय, लागेल तर शपथ!"

"आई! एकदाही नाही लागला?"

"नाही! आणि तू नाचतेस काय?"

"डबा जमला, आई! यात फोन ठेवला की लागतच नाही."

"मग एक मला दे बाई. चष्मा कुठे, किल्ली कुठे, दिवसभर ह्यांचेच फोन."

"ते राहू दे. माझा चष्मा कुठे ठेवलास?"

शिंप्याने दोन्ही हातांनी गाल धरला.