कॉफी घ्या, काका

नाही नाही, तू आधी बस — उभ्या उभ्या नको बोलूस, तहानी. दार लोटून घेते. ही बघ, कॉफी केलीय, वेलची जरा जास्त पडली. आणि मला ‘मिस’ म्हणू नकोस, आज तरी नुसतं जुमाना म्हण — नको? बरं. मिस तर मिस.

तुला कुणी सांगितलं? आईने? म्हणजे अख्ख्या करक गावाला कळलं. मग काय काय कळलंय ते तरी सांग — नको, मीच सांगते, लोक मीठमसाला लावतात. शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर. बारा जण समझोत्याला आले — तक्रार मी पुढे नेलेली, म्हणून तुमच्याकडे नाही, आमच्याकडे. पुढे गावातले ज्येष्ठ अबू सख्र, त्यांच्यामागे इस्पितळात तुमच्या वॉर्डावर असलेल्या त्या मुअतसिमचे दोन चुलते, मग सगळी पांढरी डोकी — आणि तिसऱ्या खुर्चीवर कोण, तर आपले प्राचार्य! ज्यांच्यापुढे मी तुझी तक्रार ठेवली ते! माझ्याकडे बघून हसले, ‘कशी आहेस पोरी’ म्हणाले. मी टोरांटोत सहा वर्षं काय शिकले? चौकशी कशी करायची, नाव गुप्त कसं ठेवायचं, दोन्ही बाजू कशा ऐकायच्या. बारा म्हातारे दिवाणखान्यात येऊन बसले तर काय करायचं हे कुठल्याच वर्गात नव्हतं.

मला तो दिवस आठवतोय गं. मी सभागृहात माइक घेऊन उभी — इंटरनेटवरच्या त्या पानावर नाव न घालता लिहून काय होणार, मुलींनो? एकेचाळीस जणींनी लिहिलंय, वाचून रडू येतं, पण रडून कुणाची नोकरी जात नाही. कागदावर लिहा, खाली सही करा, माझ्या पेटीत टाका, सात दिवसांत उत्तर देईन. पेटी मीच रंगवली होती, निळी. एकेचाळिसातली एकटी तू आलीस. आणि तुला मी काय म्हटलं? — म्हटलं, आता पानावरचं काढून टाक, तहानी, चौकशी चालू असताना ते बरं दिसत नाही. तू माझ्यासमोर काढलंस. ह्याच खुर्चीत बसून. ‘नक्की ना, मिस?’ असं विचारलं होतंस. मी म्हटलं, नक्की.

तर — कॉफी आली. तुला काय सांगायचं, तू तर इथलीच, मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा कपाला हात लावत नाही, आणि घरातून ‘घ्या’ म्हटलं की विषय मिटला. अबू सख्रनी कप समोर ठेवून घेतला आणि बाबांना म्हणाले, अबू जुमाना, पोरगा चुकला, हात चुकून लागला म्हणतो — चुकून! सामानाच्या खोलीत, तेही दार लावून! — पण त्याला दोन लेकरं आहेत, तक्रार मागे घ्या, आम्ही त्याला दुसऱ्या वॉर्डात पाठवू. तुझं नाव कुणी घेतलं नाही. ‘ती मुलगी’ म्हणत होते. मी दाराशी उभी होते, बाबांनीच बोलावलं होतं, म्हणाले, प्रकरण हिचं आहे, हिच्या देखत बोला. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. बाई, आणि तेही पुरुषांच्या बैठकीत. चुलत्यांपैकी एक म्हणाला, ‘आता पोरी बैठका चालवणार, आपण भांडी घासू.’ दोघेतिघे हसले. बाबा नाही हसले.

बाबा काहीच बोलले नाहीत. जपमाळ फिरवत बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बारा कप भरलेले, वाफ गेलेली, कुणी खोकतंय, कुणी घड्याळ बघतंय. बाबांचा गुडघा हलायला लागला — ते घाबरले की हलतो, आईच्या ऑपरेशनच्या वेळी हलला होता. ह्याच लोकांच्या जिवावर बाबांचं दुकान चालतं, ह्यांच्यातच माझ्या भावाची सोयरीक ठरलीय. आणि मला ती शांतता — काय सांगू, सहन होईना. मी पुढे झाले आणि म्हटलं, काका, कॉफी घ्या ना, थंड होतेय.

तोंडातून निघून गेलं. नुसतं पाहुण्यांना म्हणतात तसं. तिकडे टोरांटोत सवयच तशी लागते, कुणी आलं की घ्या, घ्या. अबू सख्र म्हणाले, ‘अल्लाह तुझ्या घरात बरकत देवो,’ आणि एका घोटात कप रिकामा. मग बाकीचे अकरा. प्राचार्यसुद्धा प्याले. मी म्हणतच होते, थांबा, माझा अर्थ तसा नव्हता, मला माहीत नव्हतं — असं काय बघतेस?

…

माहीत नव्हतं म्हणजे — अकरा वर्षांची होते मी, धाकट्या काकाच्या अपघाताच्या वेळी. आजोबांनी माफी मागायला आलेल्या लोकांना कॉफीला हात लावू दिला नव्हता, तसेच परत पाठवले होते. मी पडद्याआडून कप मोजले होते. म्हणजे कुठेतरी माहीत होतं. होतंच. पण मला वाटलं, निदान जातील तरी. निदान बाबांचा गुडघा थांबेल.

ते गेल्यावर बाबांनी स्वतः कप गोळा केले. म्हणाले, ‘मी अजून तासभर बसलो असतो, पोरी. रात्र झाली असती तरी बसलो असतो.’ बस, एवढंच. ते हट्टाला पेटले होते, तहानी — माझ्यासाठी. आणि मी —

उद्याच्या चौकशीच्या बैठकीचं म्हणतेस? बैठक होईल गं, पण कागदावर ‘समझोता झाला’ लिहून आलंय. मी उभी राहून सांगू? की तुला कुणी विचारलंच नव्हतं, शब्द माझा गेला, तुझा नाही? एकच वाक्य आहे, कबूल. पण ते वाक्य म्हणजे बाबांच्या घरातून दिलेला शब्द मी चारचौघांत मोडणार. आणि मग बाबांनी ह्या गावात तोंड कुठे — नाही, तुझं बरोबर आहे. तुझ्याही तोंडाचा प्रश्न आहेच. तुझा तर आधी.

मी दुसरं काहीतरी करते. तुला वरच्या कार्यालयाचा पत्ता देते, अर्ज मी लिहून देते, किंवा पानावर परत टाक, आता माझी हरकत — बोल ना काहीतरी. निदान कॉफी तरी घेतली असतीस, आल्यापासून तशीच —

तू हातच लावला नाहीस.

तहानी.

नको बघूस अशी. मी नाही म्हणू शकत ‘घे’ — म्हटलं की उद्या उभं राहावं लागेल. आज नाही… जा, घंटा झाली तुझ्या तासाची. कप राहू दे. मी उचलते.