माधवराव गिरदावरांचा गिरानीचा अर्ज

मंडळी, तुम्ही उन्हातून आलात. कोणी जुन्या जालन्यातून चालत आलं, कोणी हसनाबादहून बैलगाडीनं. या शाळेच्या ओसरीत मी वीस-बावीस वर्षं मुलींना शिकवलं. बोलण्याची मला सवय आहे. आज मात्र जमत नाही. सकाळपासून चार वेळा कागद लिहिला, चार वेळा फाडला. म्हणून कागदाशिवायच उभी आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

माधवराव गिरदावर गेले. परवा तेरावा झाला. त्यांच्या पत्नी, अनसूयावहिनी, घरी आहेत, त्यांना इथे येववलं नाही.

माधवरावांची सारी नोकरी गिरदावर म्हणून हसनाबादच्या बाजूला गेली. घोड्यावर बसून शेतं तपासायची, पिकं लिहायची. नोकरी संपून वजिफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाला, तसे ते आमच्या गल्लीत राहायला आले. त्यांची भिंत माझ्या भिंतीला लागून. सकाळी ते मोठ्यानं खाकरले की मी चूल पेटवायची. आता सकाळ झाली तरी मला कळत नाही.

मग लढाई आली. लढाई लांब कुठे तरी, पण ज्वारी इथे महाग झाली. रॉकेल कंट्रोलात गेलं. कापडासाठी रांगा लागल्या. कचेरीतल्या नोकरांना सरकारनं गिरानी भत्ता दिला, महागाईचा. आम्हां वजिफेदारांना दिला नाही. माधवराव म्हणाले, "बाई, नोकरीत होतो तवर भूक लागत होती, आता लागत न्हाई, असं धरलंय सरकारनं. मंग तसा हुकूम पोटाला बी पाठवायचा ना!"

त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. उर्दू त्यांचं, इंग्रजी माझं. मी सिकंदराबादला कॉन्व्हेंटात शिकले, अर्जाची भाषा मला येते असा माझा समज. मी "अत्यंत नम्रपणे" लिहिलं की ते म्हणायचे, "किती वाकवता बाई? कंबर दुखू राह्यली." मी खोडायची. पुन्हा लिहायची. ते पुन्हा हसायचे.

अर्ज वर गेला. आणि निरोप आला, औरंगाबादहून एक साहेब वजिफेदारांची हालत डोळ्यांनी पाहायला येणार आहेत.

मंडळी, त्या दिवसाचंच मला बोलायचं आहे. त्यासाठीच मी उभी राहिले.

मी घरोघर गेले. सगळ्यांना म्हटलं, नीटनेटके या. आमच्या सिस्टर सांगायच्या, कपडा जुना चालेल, मळका चालणार नाही. पेट्यांतून शेरवान्या निघाल्या. कोळशाची इस्त्री मी स्वतः फिरवली. माधवरावांची बाही विरली होती. मी ती अशी रफू केली, की कोणाला दिसू नये. किती अभिमान वाटला मला त्या रफूचा! घराघरातून चिमूट चिमूट साखर गोळा केली आणि साहेबांना चहा दिला. हमीदमियाँ, तुम्ही तर अत्तर लावून आलात.

साहेब भला माणूस होता. एकेकाला विचारत होता, "कसं काय चाललंय?" आणि एकेकानं काय सांगितलं? "मेहेरबानी आहे सरकारची. बिलकुल ठीक आहे." दुसरं काय सांगणार? आलेल्या पाहुण्यापुढे आपल्या घरातलं कोण काढतं? साहेब चहा पिऊन गेले. काही दिवसांनी जबाब आला. जालन्याचे वजिफेदार खाऊनपिऊन बरे दिसतात, भत्त्याची जरूर नाही.

हमीदमियाँ म्हणाले, "बाई, तुमच्या इस्तरीनं आम्हाला नवाब करून टाकलं." सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. भात ठेवते आणि दारात जाते. दारातून परत येते आणि कशाला गेले होते ते आठवत नाही.

माधवराव मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते घरचं ठिगळाचं धोतर नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन कचेरीत गेले. त्याच कचेरीत, जिथे लोक त्यांना उठून सलाम करायचे. चपराशी नवा होता. म्हणाला, "ए बुढ्ढे, उधर बैठ." ते बसले. दुपारपर्यंत बसले. संध्याकाळी मला सांगत होते, "आज बराबर झालं बाई. आज कोणी ओळखलंच न्हाई. मंग पेशकारानं ओळखलं, तर तोच रडाया लागला."

त्या पेशकारानं, कचेरीतल्या कारकुनानंच, वाट दाखवली. प्रत्येकानं आपल्या घरची खरी हकीकत लिहावी, खाली सही करावी. मग साहेबांना पुन्हा वर लिहिता येईल.

माधवराव तो कागद घेऊन तुमच्या दारांत आले होते. आले होते ना? किती जणांनी सही केली, तुम्हांला माहीत आहे. मलाही माहीत आहे. कारण मीही केली नाही. मी म्हटलं, "मला कशाला? मी एकटी बाई." ते म्हणाले, "एकटीला ज्वारी सस्ती देतेत का?" मी विषय बदलला. ते पुन्हा आले, मी पुन्हा बदलला. मग त्यांना ताप भरला.

त्या कागदावर त्यांची एकच सही राहिली. आणि कचेरीत म्हणतात, गेलेल्या माणसाचा अर्ज पुढे जात नाही. त्यांचा वजिफाही त्यांच्याबरोबरच थांबला. वहिनींनी आता काय करायचं?

आज पहाटे मी नवा अर्ज लिहिला. माझ्या घरची हकीकत लिहिली. तुम्हांलाही सांगते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. माझे सोमवार, माझे गुरुवार, माझी चतुर्थी... तुम्ही कौतुक करता, बाई फार उपास करतात म्हणून. ते उपास नाहीत. त्या दिवशी घरात काही नसतं.

लिहिलं. खाली सही केली. वहिनींसारख्या मागे राहिलेल्या बायकांनाही काही मिळावं, अशी मागणी केली.

शोकसभेत सह्या मागू नयेत, हे मला कळतं. सिस्टरांनी एवढं शिकवलं आहे. पण आज तुम्ही घरी गेलात, की पुन्हा आपापली दारं लागतील. कागद त्या टेबलावर आहे. दौत भरून ठेवली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं सांगा, मी लिहीन, तुम्ही अंगठा द्या.

त्याआधी आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच. मला स्थिर राहता आलं नाही, तर माझ्याकडे पाहू नका.

माधवराव, नमस्कार.