चाळीस दिवस खुर्चीत

झोर्का : मामंजी, मान सरळ ठेवा. मागे रेलू नका म्हटलं ना!

ओर्बान : मी कुठे रेलतोय गं? मानच जाते आपली आपण. चाळीस दिवस खुर्चीत बसवून ठेवलंयस. आज शेवटचा दिवस आहे हे तिलाही कळलं असेल.

झोर्का : दुपारपर्यंतच काय ते. कारकून येईल, विचारेल, ओर्बान केल्मान जिवंत आहेत का? तुम्ही म्हणायचं, आहे, आणि पुलाचं पद मी माझ्या मुलाला राजीखुशीनं दिलंय. झालं. मग खुशाल आडवे व्हा.

ओर्बान : आडवा झालो की काय होणार, ते वैद्यानं तुला बाहेर नेऊन सांगितलं. माझे कान अजून शाबूत आहेत हो. छातीतलं पाणी गळ्याशी येणार आणि रात्र निघायची नाही.

झोर्का : सकाळी सकाळी अभद्र बोलू नका.

ओर्बान : अभद्र कसलं त्यात? मला मरायची भीती नाही, पोरी. बसल्या बसल्या मरायची वाटते. खुडूक कोंबडीसारखं. पाय बघ, भोपळे झालेत नुसते. एकदा पाठ टेकू दे, पुढचं देव बघेल.

झोर्का : आज टेकवणार आहे म्हटलं ना. हे बीटाचं सार घ्या. हळू. ठसका लागेल.

ओर्बान : ठसका, ठसका! चाळीस दिवस हसू दिलं नाहीस, ठसका लागेल म्हणून. मासा दिला नाहीस, काटा अडकेल म्हणून. माझ्या लग्नातसुद्धा कुणी माझी एवढी सरबराई केली नव्हती. तुझी सासू असती तर म्हणाली असती, म्हाताऱ्याला कोबीसारखा मीठ लावून बरणीत भरलाय.

झोर्का : त्या असत्या तर माझी अर्धी काळजी त्यांनी घेतली असती. माझ्या जिवाला किती घोर लागलाय, ठाऊक आहे? चाळीस रात्री मी धड झोपले नाही. तुम्ही खोकलात तरी छातीत धस्स व्हायचं, आणि नाही खोकलात तर जास्तच.

ओर्बान : माझ्यासाठी की पुलासाठी?

झोर्का : ...खोटं कशाला बोलू? पुलासाठी. दोन पोरी आहेत पदरात. हे घर पुलाचं, आपलं नाही. चाळिसाच्या आत तुमचं काही झालं तर पद परत दरबारात जमा. आठवड्याभरात आपली भांडीकुंडी रस्त्यावर येतील. आणि ह्यांना पूल वर-खाली करण्यापलीकडे काय येतं, तुम्हीच सांगा.

ओर्बान : बरं वाटलं, खरं बोललीस ते. आमच्या त्या गाढवापेक्षा तू बरी. तिबोर रोज दारातून डोकावतो, माझी छाती हलते का बघतो, आणि पळतो पुलावर. बापाशी दोन शब्द बोलेल तर शपथ.

झोर्का : घाबरतात हो ते. परवा रात्री तुम्ही रडत होतात ना, ते जिन्यात बसून ऐकत होते. मीही ऐकत होते.

ओर्बान : रडत नव्हतो. पाठ दुखत होती. कुणी काढला असेल गं हा चाळीस दिवसांचा कायदा?

झोर्का : तुमच्यासारख्याच पदवाल्यांमुळे निघाला. मेलेल्या बापाचा अंगठा कागदावर उठवून पदं लाटायचे लोक. म्हणून आता देणाऱ्यानं चाळीस दिवस जगून दाखवायचं. ...ऐकलंत? दार वाजलं. आलाच तो! मान सरळ ठेवा हं, मामंजी. मी त्याला घेऊनच येते.

(झोर्का मधलं दार ओढून घेऊन बाहेरच्या खोलीत येते. कारकून लुदेक बुटांवरचा बर्फ झटकतो आहे.)

लुदेक : बूट काढू का, बाई? ओले आहेत.

झोर्का : राहू द्या, साहेब, राहू द्या. बसा. हा पाव घ्या, ताजा आहे. की आधी आत येता? सासरे वाट बघतायत. अगदी शुद्धीत आहेत, मघापासून मला टोमणे मारतायत.

लुदेक : छान, छान. आधी वही बघू द्या. मोर्वेना नदी, तिसरा पूल. ओर्बान केल्मान यांनी पद दिलं मुलगा तिबोर यास. बरोबर? आणि दिवस झाले... अं... थांबा हं.

झोर्का : काय झालं?

लुदेक : एकतीस.

झोर्का : काय एकतीस?

लुदेक : दिवस, बाई. आज एकतिसावा.

झोर्का : काहीतरीच काय! ही भिंत बघा. रोज सकाळी उठले की आधी रेघ ओढायची, मग चूल. मोजा तुम्ही. चाळीस आहेत!

लुदेक : रेघा चाळीसच असतील. पण तुम्ही सहीच्या दिवसापासून मोजलंत. दरबार शिक्क्याच्या दिवसापासून मोजतो.

झोर्का : तेच ते! पत्र सकाळी घोड्यावरून गेलं की संध्याकाळी शिक्का पडतो. पलीकडच्या जकातवाल्यांचं तसंच झालं, मिठाच्या कोठीवाल्यांचं तसंच झालं.

लुदेक : सगळ्यांचं होतं. पण तुमचं पत्र पोचलं त्या दुपारी राजमाता वारल्या. नऊ दिवस शिक्का काळ्या कापडात बांधून ठेवला होता.

झोर्का : अगं आई गं... आम्हीच तर घंटा वाजवली. ह्यांनी पुलाच्या चाकाला काळं फडकं बांधलं. नऊ दिवस पोरींना गाणं म्हणू दिलं नाही मी! आणि डोक्यात कसं नाही आलं?

लुदेक : तुमचंच नव्हे, या फेरीत तीन घरांचं असं झालंय. फेरीची यादी सहीच्या तारखेवरून निघते, म्हणून आज आलो.

झोर्का : साहेब, पाया पडते. नऊ दिवसांनी काय बिघडणार आहे? आत या, बघा, माणूस बोलतोय, शुद्धीत आहे. लिहून टाका चाळीस.

लुदेक : शिक्क्याची वही वेगळी, माझी वेगळी. वरती दोन्ही जुळवतात. माझंही पद जाईल आणि तुमचंही. त्यात या पुलासाठी एका सरदाराच्या मेहुण्यानं आधीच अर्ज टाकून ठेवलाय. तो मोजणारच.

झोर्का : नऊ दिवस काढायचे नाहीत हो ते. रात्र काढतात तीच कशीबशी. पायांतून पाणी गळतंय. बसून बसून पाठीला जखमा झाल्यात.

लुदेक : त्यांना आकडा सांगा. म्हणावं, नऊच राहिले. आकडा सांगितला की म्हातारी माणसं तग धरतात. माझ्या काकांनी धरला होता. वैद्यानं आशा सोडल्यावर सतरा दिवस.

झोर्का : कसे होते शेवटी?

लुदेक : ओरडायचे. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.

झोर्का : आणि पद?

लुदेक : मिळालं की. हा काय, बिल्ला माझ्याच गळ्यात आहे. येतो मी नऊ दिवसांनी. सकाळीच येईन, पहिलं तुमचंच दार. हा पाव नेऊ का? वाटेत काही मिळत नाही.

झोर्का : न्या.

ओर्बान : सूनबाई! अगं ए सूनबाई! गेला का तो? मला न विचारताच? मी आपलं वाक्य पाठ करून बसलोय!

झोर्का : आले, आले. ओरडू नका. दाराच्या फटीतूनच बघितलं त्यानं तुम्हाला.

ओर्बान : फटीतून? आणि ते 'जिवंत आहात का'?

झोर्का : तुम्ही मघाशी ह्यांना गाढव म्हणालात ना, ते पायऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. म्हणाला, मेलेला माणूस एवढा बोलत नाही.

ओर्बान : अस्सं! हुशार दिसतो. तिबोरचं नाव नीट लिहिलंन?

झोर्का : नीट लिहिलं.

ओर्बान : तुझा आवाज असा का येतोय?

झोर्का : थंडीनं. बाहेरचं दार उघडं होतं इतका वेळ. थांबा, मी पोरींना हाक मारते. ह्यांनाही बोलावते पुलावरून.

ओर्बान : त्याला कशाला? होडी यायची वेळ आहे, पूल कोण उचलणार?

झोर्का : होडी थांबेल. आज ह्यांनी इथे बसायचं, तुमच्याजवळ.

ओर्बान : ए पोरी, इकडे बघ. माझ्याकडे बघून सांग. झाले ना चाळीस? कमी पडत असतील तर तसं सांग. बसेन मी. आरडाओरडा करीन, तुला शिव्या घालीन, पण बसेन.

झोर्का : झाले, मामंजी. हात टाका माझ्या खांद्यावर, आता पाठ टेकायची.