बाजाराचा दिवस

रामाकोन्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. मुलीची त्या दिवशी गणिताची पूरक परीक्षा होती.

"काय घोकून राहिली, प्रमिला?"

"ज्यात गेली तेच गणित, माय. दहा बाया रोज आठ तास वेचून बारा दिवसांत वावरातला कापूस काढतात. बारा बायांनी रोज दहा तास वेचला तं किती दिवस लागतीन?"

"किती लागतात?"

"आठ. मी नऊ लिहिले होते."

"काऊन वं?"

"आठ दिवसांत एक बाजार येतेच ना. त्या दिवशी कोण येते वेचाले?"

"कोणीच नाही."

"मास्तरले तेच सांगतलं. ते म्हणे, गणितात बाजार नसते."

"दहा तास वेचाले लावतात, अन् बाजारालेही सोडत नाहीत?"

"नाही सोडत."

"आज नापास झाली तं तुहे बाबा तुलेही वेचाले धाडतीन."

"म्हणून आज आठच लिहीन."

"लिही. नऊ आपल्याले माहीत हाये."