ब्लोअरमधला आवाज

सकाळी बरोबर सव्वासातला ह्यांनी त्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचं काम काढलं. एका शेठची गाडी, वर्षभर आमच्या पंचवटीतल्या गॅरेजात नुसती उभी होती. ब्लोअरचं बटण दाबलं की पंखा घुं करायचा, पण फिरायचा नाही.

मी बाळाला कडेवर घेऊन चहा द्यायला गेले, तर आतून बारीक चूं चूं ऐकू आलं.

“अहो, कुणीतरी रडतंय हो आत!”

“पंख्याचा बुश सुकलाय गं, तोच कुरकुरतोय. तुला काय, जिथं तिथं लेकरूच रडताना ऐकू येतं!”

ह्यांनी बॅटरीवरून थेट वायर जोडली. पंखा झटक्यात फिरला आणि आवाज थांबला.

“बघ, थांबला की नाही?”

मग ब्लोअर उघडला. आत कापूस, चिंध्या आणि खारीची तीन पिल्लं, मेलेली. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांचे. खार दिवसभर बॉनेटवर सैरावैरा धावत होती. हे जेवले नाहीत.

कुणाची गाडी बरेच दिवस उभी असेल, तर एवढं सांगा त्यांना: पंख्याला करंट द्यायच्या आधी तो उघडून बघा. आणि घरातली बाई काही ऐकू येतंय म्हणाली, तर जरा थांबा.